माहेरच्या बोलीतलं हसू

भांडी धुण्याचं मशीन घ्यायचं हा हट्ट मोहिनीचा नव्हता, नीलेशचाच होता. जळगावच्या नव्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर त्याने हौसेने करून घेतलं. ओट्याखाली सिंकला लागून मशीनसाठी जागा सोडून घेतली, आणि पुढून बाकीच्या कपाटांसारखीच फळी लावायची असंही ठरवून टाकलं. मोहिनी शाळेतून दमून येते, तिच्या हाताला भांड्यांच्या साबणाने खाज सुटते, हे तो पाहत होता. घरात मशीन आलं की ती हरखून जाईल आणि सगळ्यांना सांगत सुटेल, असं त्याला वाटलं होतं. ती हरखली खरी, पण मशीन बघून नव्हे.

मशीन बसवायला नवल बोरसे नावाचा माणूस आला. नीलेशच्याच वयाचा, सडसडीत, कानात बारीक बाळी. कंपनीचा शर्ट होता, पण पायात गावाकडच्या चपला. आल्या आल्या त्याने सिंकखालचं कपाट उघडलं, बॅटरी मारून आत बघितलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"माय, मी जळगावमा शे. आते फोन ठेव," असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला.

मोहिनी चहा टाकत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"तुम्हनं गाव कोनतं, भाऊ?" तिने विचारलं.

नवलने कपाटातून डोकं बाहेर काढलं. "कापडनं. तुम्हनं?"

"मन्हं माहेर सोनगीर शे."

"अरे, मंग तं तुम्ही घरनाच शेतस!"

आणि मोहिनी हसली. हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसलेल्या नीलेशने मान वर केली. हे हसू त्याच्या ओळखीचं नव्हतं. मोहिनी हसायची ती ओठ मिटून, शाळेतल्या बाईला शोभेल असं. हे हसू पोटातून आलं होतं, आवाज करत, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं. त्यानंतर तासभर दोघांचं धुळ्याकडचं बोलणं चाललं. सोनगीरचे तांब्या-पितळेचे कारागीर, कुणाची तरी पळालेली म्हैस, शाळेतला कुणी बोबडा मास्तर. नीलेश सावद्याचा. केळीच्या बागांत वाढलेला, त्याच्या घरची बोली वेगळी. अहिराणी त्याला अडखळत कळायची, आणि हे दोघं बोलत होते ते इतकं भरभर, की त्यातलं निम्मं कानावरून निघून जात होतं.

काम संपल्यावर नवलने त्याला बोलावलं. मशीनमधून निघालेली सांडपाण्याची नळी त्याने ओट्याच्या खालच्या अंगापर्यंत वर नेऊन पट्टीने बांधली होती आणि तिथून खाली आणून सिंकच्या पाइपला जोडली होती. तसं का, ते त्याने समजावून सांगितलं, मीठ कुठे टाकायचं तेही दाखवलं. इकडचं पाणी जड, मीठ संपलं की काचेवर पांढरे डाग पडतील, म्हणाला. नीलेशसमोर तो अगदी शुद्ध बोलत होता, "साहेब, साहेब" करत. नीलेशला तेही खटकलं. बायकोला ताई आणि घरचं माणूस, आणि आपण साहेब!

"ओळखीचा होता का?" नवल गेल्यावर त्याने विचारलं.

"छे. पण माहेरचाच म्हणायचा."

एवढंच बोलून ती भांडी मशीनमध्ये लावायला बसली, काहीतरी गुणगुणत.

नीलेश स्वतःला समजावत राहिला. तो तिला ताई म्हणतो, घरी त्याची बायकोपोरं असतील, यात वावगं काय आहे? वावगं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच जास्त जळत होतं. वावगं असतं तर भांडता आलं असतं. आता भांडायचं कशावरून? बायको हसली म्हणून?

महिनाभराने मशीनच्या तळाशी पाणी साचून राहायला लागलं. मोहिनीने लगेच फोन लावला. तिच्या मोबाइलवर 'नवलभाऊ' असं नाव नीलेशने पाहिलं.

"कंपनीच्या नंबरवर तक्रार कर ना," तो म्हणाला. "पद्धत असते एक."

"कंपनी त्यालाच पाठवणार. मग त्यालाच विचारलं तर काय बिघडलं?"

नवल आला, मशीनचं दार उघडून तळातली गाळणी फिरवून बाहेर काढली. तिच्यात वांग्याच्या बिया आणि शेंगदाण्याचे तुकडे चिकटून त्याचा लगदा झाला होता.

"बठ्ठं भरीत आठेच शे, ताई!"

सगळं भरीत इथेच! मोहिनी हसून हसून ओट्याला टेकली. खरकटं आधी झटकून मग भांडी लावायची, गाळणी आठवड्याला धुवायची, हे त्याने सांगितलं. मग मोहिनीने त्याला जेवायलाच बसवलं. ताटात फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढी होती. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली, पण फुनके या घरात कधी शिजले नव्हते. नीलेशने एक तोंडात टाकला. चांगला लागला. त्याचा त्याला आणखीनच राग आला.

"आपल्याकडे कधी केले नाहीस," तो नंतर म्हणाला.

"कुणी मागितलेच नाहीत."

पुढे पुन्हा पाणी साचलं. या वेळी नीलेशने ते आधी पाहिलं आणि मोहिनीला काही न सांगता मशीनचं दार बंद केलं. दुसऱ्या दिवशी बँकेला सुट्टीचा शनिवार होता आणि तिला सकाळची शाळा. हे काम आपणच करायचं, त्याने ठरवलं. मशीन पुन्हा बिघडायलाच नको, म्हणजे पुन्हा फोन नको, 'नवलभाऊ' नको आणि ते हसूही नको. शेवटचा विचार मनात आला तेव्हा तो क्षणभर चमकला. आपल्याला बायकोचं हसू नकोसं झालंय? पण स्क्रूड्रायव्हर हातात होता आणि मोबाइलवर व्हिडिओ सुरू होता, त्यामुळे तो विचार तिथेच राहिला.

गाळणी स्वच्छ होती. मग त्याने पुढची फळी काढली, ओट्याखाली मशीनला धरून ठेवणारे स्क्रू सोडले, नळ बंद केला आणि मशीन दोन्ही हातांनी धरून इंचाइंचाने बाहेर ओढलं. फरशीवर चरा उमटला. मागे वाकून पाहिलं तर ती नळी दिसली. मशीनमधून निघून आधी वर चढलेली आणि मग खाली उतरलेली. नीलेशला हसूच आलं. केळीच्या बागेत पाणी फिरवणाऱ्या घरातला तो माणूस. पाणी उताराने जातं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. नवलने तेव्हा काय समजावलं होतं ते त्याने ऐकलंच कुठे होतं! त्याने पट्टी काढली आणि नळी सरळ खाली सोडली. साचलेलं पाणी डुबडुब करत निघून गेलं.

तेवढ्या आनंदात त्याने मशीन परत आत ढकललं आणि फळी लावली. ती जराशी तिरकी बसली. भांडी भरून मशीन चालवलं. दुपारी मोहिनी आली तेव्हा भांडी लख्ख होती.

"मी दुरुस्त केलं," तो म्हणाला. "काही विशेष नव्हतं. तुझ्या नवलभाऊंनी नळीच चुकीची लावली होती."

मोहिनीने फळीकडे आणि फरशीवरच्या चऱ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि मेथीची जुडी निवडायला घेतली.

मेथी निवडून तिने सिंकमध्ये भरपूर पाण्यात धुतली आणि सिंकची जाळी काढली. पाणी खाली जाईना, नुसतं हळूहळू घुटमळत राहिलं. मग एकदम घरघर आवाज झाला आणि सिंक रिकामं झालं. पाणी कुठे गेलं ते तिला संध्याकाळी ताटं काढायला मशीन उघडल्यावर कळलं. तळाशी मातकट पाणी, त्यात मेथीची पानं, वर काळपट तवंग, आणि नाक धरावं असा वास.

"नीलेश!"

तो आला, बघितलं. 

"फोन कर," तो शेवटी म्हणाला.

"कुणाला?"

"तुला माहितीये कुणाला."

"तूच कर. नळी तू काढलीस."

त्याने केला. नवल धुळ्याला होता, सुट्टीवर, मागे लहान मुलांचा गलका चालला होता. नीलेशने सगळं सांगितलं, फळी तिरकी बसल्याचंही. नवल हसला नाही. "व्हिडिओ कॉल लावा साहेब, दोघं मिळून करू," म्हणाला.

मशीन पुन्हा बाहेर आलं. मोहिनीने मोबाइल धरला आणि नीलेश फरशीवर आडवा होऊन सिंकखालच्या कपाटात शिरला. सिंकच्या पाइपाखालची बाटलीसारखी वाटी आधी फिरवून काढा, खाली बादली ठेवा, असं नवल सांगत होता. घाईत तो केव्हा अहिराणीवर आला ते त्यालाही कळलं नसेल. नीलेशला कळेना. मोहिनी मराठीत सांगू लागली, मग तिलाही घाई झाली आणि तीही अहिराणीतच बोलायला लागली.

वाटी सुटली आणि काळा चिखल बादलीत धपकन पडला. मोहिनीने वाकून पाहिलं. तो चहाचा गाळ होता. सकाळचा चहा रोज नीलेश करायचा, आणि पातेलं सिंकमध्ये उपडं करायचा. त्या गाळानेच पाइप तुंबला होता.

"आता नळी," नवल म्हणाला. "सिंकमधलं पानी मशीनमा नको जावाले, म्हणून ती वर."

नीलेशने नळी धरली, पण हात दुखत होता, ती सारखी खाली येत होती.

"वर धर ना, वर! खाले काय धरस?" मोहिनी ओरडली आणि त्याच्या केसांत अडकलेलं मेथीचं पान बघून तिला हसू फुटलंच. तेच हसू, पोटातून आलेलं, मध्येच श्वास अडकणारं. मोबाइल तिच्या हातात इतका हलायला लागला की नवलला काही दिसेना.

नीलेश नळी डोक्याच्या वर धरून तसाच पडून राहिला. हे हसू आज त्याच्यावर होतं, आणि त्याला वाईट वाटलं नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं.

काम झालं, फोन बंद झाला. मोहिनी फरशी पुसायला बसली. तो हात धुऊन तिच्याजवळ येऊन बसला.

"माझ्याशी तू असं कधी बोलली नाहीस."

"कसं?"

"असं. त्याच्याशी बोलतेस तसं. मला त्या माणसाचा हेवा वाटतो, मोहिनी. वेडेपणा आहे, पण वाटतो."

तिने फडकं पिळलं. "बोलले होते. लग्न होऊन सावद्याला आले, त्या आठवड्यात. 'बठ्ठा भांडा घशी टाकू का?' असं विचारलं सासूबाईंना. सगळं घर हसलं. मग पुढे कितीतरी दिवस मी 'शे-शे बाई' होते. स्वतः सगळे त्यांच्या गावची बोलीच बोलत होते, पण हसायचे माझ्याच बोलण्याला."

"मी नसेन हसलो."

"तू सगळ्यांत जास्त हसलास."

त्याला ते आठवत नव्हतं. आठवत नाही हे म्हणायचीही त्याला लाज वाटली. त्याने तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली फरशी पुसली. ती तिथेच बसून बघत राहिली, नको म्हणाली नाही.

पुढच्या आठवड्यात नवल येऊन फळी सरळ करून गेला. नीलेश तेव्हा बँकेत होता. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने विचारलं, "काय म्हणत होता?"

मोहिनी ओट्याशी उभी राहून सांगायला लागली, अहिराणीत, अगदी भरभर, मध्येच आपणच हसत. नवलच्या आईला मशीन म्हणजे काय ते कसं पटत नाही, त्याच्या पोराने गाळणीचं काय केलं, असं काहीतरी. नीलेश लक्ष देऊन ऐकत होता. निम्मं कळलं. उरलेलं निम्मं त्या दोघांचंच राहिलं, आणि तिथे अजूनही थोडं चुरचुरलंच.

"बठ्ठं समजनं का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पुन्हा सांग. जरा हळू."