सव्वा-सव्वा वर्षाची लायब्ररी

आमच्या ओसरीवाल्यांत हुशार माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, तोच तर वांधा आहे. ओसरी म्हणजे वेबसाइट बांधायची चौकट. तळवड्यापासून चाकणपर्यंतचे छोटे सॉफ्टवेअरवाले मिळून ती फुकटात चालवतो. तिच्यावरच्या प्रत्येक पानाला जावास्क्रिप्टची लायब्ररी लागते, म्हणजे तयार कोडचं गाठोडं. आमच्यातल्याच गणराजनं लिहिलेलं गाठोडं वेगळं, जयसिंगचं वेगळं. काम दोन्हींचं एकच, पण पान उघडताना दोन्ही उतरतात.

माझा धाकटा भाऊ धम्मरत्न चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी आहे. तिथली हजेरी गेटवर उभं राहून मोबाइलवर लावायची, ओसरीवरच्याच पानात. पान उघडेपर्यंत भोंगा होतो आणि वेळेत आलेल्या माणसाला लेट मार्क बसतो. अजून एक बसला की त्याचं पर्मनंट होणं बोंबललं. म्हणून मी हट्टच धरला, लायब्ररी एकच ठेवा, कुणाची का असेना.

बैठक पिंपळे सौदागरला, दादासाहेबांच्या सोसायटीच्या क्लब हाउसात झाली. दादासाहेब आमचे ज्येष्ठ. कोड कमी लिहितात, मध्यस्थी फार करतात. पान किती वेळात उघडतं ते मोजायला मी एक छोटा कोड लिहून नेला होता. दोन्ही गाठोडी घेऊन पान उघडलं, तोवर सगळ्यांचा चहा पिऊन झाला. एकच ठेवलं, तर झटक्यात उघडलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकले बाई.

"मग मतदान घेऊ," मी म्हणाले.

"मतदान कशाला, रश्मीताई? मनं दुखावतात," दादासाहेब म्हणाले. "आमच्या गावात सरपंच बिनविरोध होतो. सव्वा-सव्वा वर्ष वाटून घ्यायचं. आधी गणराजची लायब्ररी, मग जयसिंगची."

"आणि तोवर माझी काय बाहेर बसणार?" जयसिंग म्हणाला.

"छे राव, उपसरपंच म्हणून आतच राहील की."

म्हणजे पुन्हा दोन्ही. माझं डोकंच फिरलं. "अहो दादासाहेब, मग बदललं काय? पान तसंच रखडणार," मी म्हणाले.

"बदललं ना. आता भांडण नाही." ते गोड हसले. "आणि ताईंनी एवढा पुढाकार घेतला, तर त्यांचा वेळ मोजायचा कोडही घ्या सोबत. तिघांची नावं पानावर मानानं येऊ द्या."

मी नको नको म्हणाले. आपल्याकडे सत्काराला नको म्हणणं हा विनय असतो. त्यांनी आणखी आग्रह केला, शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

सोमवारी नवी आवृत्ती कंपनीच्या पानावर चढली. सकाळी धम्मरत्नचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, पर्मनंटचं सोड आता," तो म्हणाला. "गणराजचं नाव आलं, जयसिंगचं आलं. तुझं यायचं राहिलं होतं, तेवढ्यात भोंगा झाला."