आत येऊ नये

तारेच्या टोकाला प्लॅस्टिकची एक इवलीशी जीभ असते आणि ती दाबल्याशिवाय तार सुटत नाही, हे तिला आज कळलं, तेही नख तुटल्यावर. जुन्या राऊटरच्या पाठीमागे बोटं घालून ती मघापासून चाचपडत होती, धूळ नाकात जात होती, आणि ती जीभ काही दबायला तयार नव्हती... दबेल, न दबून जाते कुठे. सारी नोकरी मी एक्स-रे विभागात काढली आहे, खुबा मोडलेली वजनदार माणसं टेबलावर अलगद सरकवली आहेत, आणि आता या वीतभर तारेपुढे हात टेकू? मग टक् असा आवाज झाला आणि तार हातात आली. राऊटरवरचा हिरवा दिवा लाल झाला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. बाकी काही झालं नाही.

हा राऊटर मुलानं बसवलेला. त्याचे बाबा गेले तेव्हा तो परदेशातून आला, राहिला, आणि परत जाण्यापूर्वी एका दुपारी स्टुलावर चढून त्यानं सगळं घर ‘सुरक्षित’ करून टाकलं. हॉलमध्ये हा राऊटर, घड्याळाच्या वर अंड्याएवढा कॅमेरा, आणि दोघांची सूत्रं त्याच्या फोनमध्ये. तिथं बसून त्याला दिसायचं आई हॉलमध्ये आहे की नाही, नेट किती वापरते, केव्हा वापरते. आणि रात्री ठरलेल्या वेळी नेट आपोआप बंद, कारण डॉक्टर म्हणाले होते आईला झोप हवी. हे सगळं त्यानं तिला विचारूनच केलं होतं, खोटं कशाला बोला. पण त्या दिवसांत कुणी मला कपाटात ठेवून बाहेरून कुलूप लावलं असतं तरी मी मान डोलावली असती.

नेटवर्कचं नावसुद्धा त्यानंच ठेवलं — ‘आईचं घर’. घर आईचं आणि किल्ली त्याच्याकडे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि शेळी मी... तरी तिनं वर्षभर चालवून घेतलं. माया होती ना त्यात. मायेनं केलेल्या गोष्टीवर रागवायचं कसं, हे तिला कधी जमलंच नव्हतं.

जमलं ते गेल्या आठवड्यात, एका बुद्धिबळाच्या डावामुळे. कोण कुठला माणूस, नाव नाही, चेहरा नाही, रोज रात्री फोनवर तिच्याशी खेळायचा आणि रोज तिला धूळ चारायचा. त्या रात्री मात्र तिनं त्याचा राजा कोपऱ्यात गाठला होता. हत्ती सरळ जाऊन बसला की मात. तिनं हत्तीवर बोट ठेवलं — आणि पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र सुरू झालं. नेट बंद. झोपा आता. सकाळी पाहते तर ‘तुम्ही डाव अर्धवट सोडलात’, आणि खाली त्या माणसानं पाठवलेला खिदळणारा पिवळा चेहरा. तिनं मुलाला फोन केला. तो हसला, म्हणाला, अगं आई, डावच तो, आज पुन्हा खेळ. आणि जाता जाता म्हणाला, काल सोफ्यावरच झोपलीस, मान अवघडेल. तेव्हा तिच्या डोक्यात जे काही पेटलं ते अजून विझलेलं नव्हतं.

आज सकाळी दुकानात तेच पेटलेलं डोकं घेऊन ती गेली. दुकानदारानं विचारलं, घरी माणसं किती? ती म्हणाली, मी एकटी. झालं! त्यानं काचेआडून सगळ्यात छोटा, साबणाच्या डबीएवढा राऊटर काढला आणि तुम्हाला हा भरपूर झाला म्हणाला. एकट्या बाईला सगळं छोटं पुरतं — छोटं पातेलं, छोटा फ्रीज, आवाजसुद्धा छोटा. तिनं ती डबी बोटानं परत त्याच्याकडे सरकवली.

“माणसं किती ते नका विचारू,” ती म्हणाली. “भिंती किती ते विचारा.”

भिंती तिला कळत होत्या. कुठली भिंत किरण गिळते, कुठली सोडते, लोखंडी कपाटामागे काय होतं, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. या लहरी निराळ्या असतील, पण भिंत ती भिंतच. दुकानदार तिला चार अँटेनांचा मोठा राऊटर दाखवायला लागला, तो घेतलाच आहे तर लांब तारही घ्या म्हणाला, आणि पिशवीत भरताना त्यानं विचारलंच, जोडून द्यायला घरी कुणी आहे का. आहे, ती म्हणाली. मी आहे.

आता ती लांब तार तिनं भिंतीच्या कडेकडेनं घरातल्या बोळात नेली. हॉल, झोपायची खोली आणि स्वयंपाकघर, तिघांच्या मधोमध, कपाटापासून दूर, उंच फळीवर नवा राऊटर ठेवला. स्टुलावर चढताना गुडघ्यानं कुरकुर केली. तिनं लक्ष दिलं नाही. तार खोचली. दिवा लाल. काढली, पुन्हा खोचली. लालच. मागे एका ओळीत सारखीच दिसणारी भोकं, आणि ती आपली पहिल्याच भोकाशी झगडत बसलेली... तिकडे हॉलमध्ये फोन वाजत होता. वाजू दे. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणल्यावर दिसलं की एका भोकाची कड निळी आहे. बाहेरून येणारी तार त्यात. टक्. लाल, मग पिवळा, मग हिरवा. ती स्टुलावर उभ्या उभ्या मोठ्यानं हसली.

मग नाव. फोनचा पडदा विचारत होता, नेटवर्कला काय नाव द्यायचं. तिच्या एक्स-रेच्या खोलीच्या दारावर, लाल दिव्याखाली, सारी वर्षं एक पाटी होती. मोठमोठे डॉक्टरसुद्धा ती पाहून थांबत. तिनं तेच लिहिलं — ‘आत येऊ नये’. शेजाऱ्यांना दिसेल, दिसू दे. आणि पासवर्ड. बोटं आपोआप नवऱ्याच्या जन्मतारखेकडे वळली, मग मुलाच्या. दोन्ही पुसून टाकल्या. काय ठेवला ते मी सांगणार नाही.

फोन पुन्हा वाजला. मुलगाच होता, धापा टाकत असल्यासारखा.

“आई, बरी आहेस ना? कॅमेरा बंद दिसतोय. फोन का उचलत नाहीस?”

कॅमेरा! तो तिच्या डोक्यातही नव्हता. तिला वाटत होतं त्याची काहीतरी वेगळी तार असेल, वेगळी सोय असेल. तिला फक्त रात्रीचा डाव पुरा करायचा होता. तिनं घड्याळाच्या वर पाहिलं. त्या अंड्यातला निळा ठिपका विझला होता. तिनं त्याला राऊटरचं सांगितलं, स्वतः आणला, स्वतः जोडला. तो छान म्हणाला, आणि लगेच म्हणाला, पासवर्ड पाठव, मी सांगतो तसं कर, दोन मिनिटांत कॅमेरा सुरू होईल.

दोन मिनिटांचंच काम होतं. चूक झाली रे, असं म्हणून ती सुटली असती.

“नाही पाठवणार,” ती म्हणाली.

“आई, अगं असं काय करतेस? पडलीबिडलीस तर?”

“रोज फोन कर. मी उचलेन. नाही उचलला तर शेजारी कळव, त्यांच्याकडे किल्ली ठेवते. पण बघायचं नाही.”

तो आधी बरं म्हणायला गेला. मग अगदी हळू म्हणाला, “बाबा तिथं एकटे पडून होते, आई. कुणी बघितलं असतं तर...”

हे तो आजवर कधी बोलला नव्हता. त्या दिवशी बाजाराच्या पिशव्या हातात, कुलपात किल्ली फिरत नव्हती, त्यांना हाका मारत होते मी, दार उघडा हो, दार उघडा...

“मला माहीत आहे, बाळा. दार मीच उघडलं होतं,” ती म्हणाली. “तरी नाही.”

तो बरं म्हणाला. त्यात राग होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. ते ऐकून तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि तरीही तिनं त्याला परत फोन केला नाही.

ती सोफ्यावर येऊन बसली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण ताठ बसलो आहोत, केस सारखे केलेले, गुडघे जुळवून, फोटोला बसल्यासारखे. वर्षभर या खोलीत ती अशीच बसत आली होती. सोफा आणि टेबल यांच्यामध्ये, जिथं त्याचे बाबा पडलेले सापडले, त्या जागेवरून रोज जात-येत होती, पण तिथं थांबली नव्हती, रडली नव्हती. थांबली असती तर तिकडे त्याला दिसलं असतं, त्यानं विमानच पकडलं असतं. ते तिचं दुःख होतं, आणि ते तिनं त्याच्या काळजीसाठी नीट घडी घालून ठेवलं होतं.

ती उठली. एक हात टेबलावर, मग एक गुडघा, मग दुसरा... आणि ती त्या जागी जमिनीवर उताणी आडवी झाली. फरशी गार होती. इथून पंख्याची खालची बाजू दिसत होती, टेबलाच्या पोटाला लावलेलं कारखान्याचं लेबल दिसत होतं. हे त्यांना दिसलं असेल. का डोळे मिटलेले होते? रडू येईल असं वाटलं, आलं नाही. भीती मात्र आली, उठता आलं नाही तर, या विचाराची साधी, सरळ भीती. तिनं ती येऊ दिली. घरात कुणीही तिला पाहत नव्हतं, आणि तिला इतक्यात उठायचं नव्हतं.