डेल्फिनाने सोडलेला हात

तिसाउके डोंगरातल्या मासेरू शहरात पोचली तेव्हा तिथे हिवाळा ऐन भरात होता. दक्षिणेकडच्या देशांच्या युवा स्पर्धा होत्या. झांबियाची पोरं हिरव्या जॅकेटवर आणखी एक जॅकेट चढवून बसमधून उतरली, आणि जेवणघरात चहाच्या मोठ्या भांड्याभोवती जी गोळा झाली ती हलेचनात. धावणारे, पोहणारे, मुष्टियोद्धे, नेटबॉलच्या मुली असा सगळा संघ एकाच वसतिगृहात होता. ज्युदोत मात्र दोनच मुली होत्या. त्यातली एक पहिल्याच लढतीत हरली, आणि उरली एकटी तिसाउके.

तिची कोच चिसांगा कासामाची, म्हणजे बेंबा. तिसाउके कटेटेची न्गोनी. या दोन जमातींना एकमेकांची टर उडवण्याचा हक्क पणजोबांच्या काळापासून मिळालेला, आणि दोघी तो पुरेपूर वापरायच्या. उंदीर खाऊन खाऊन तुमच्या पायांत चपळाई आली, असं चिसांगा म्हणायची. माकडं खाणाऱ्यांनी इतरांच्या ताटात बघू नये, असं तिसाउके सुनवायची. पण सरावाला उभ्या राहिल्या की ती कोचच्या शब्दाबाहेर जात नसे.

एकाच बाबतीत ती कोचपासून लपवाछपवी करत होती. आदल्या वर्षी लुसाकाच्या निवड स्पर्धेत तिचा हात पेचात सापडला होता. पेच पक्का बसला की गादीवर थोपटायचं, म्हणजे लढत संपते आणि हात वाचतो. तिने लगेच थोपटलं. त्यानंतर निवड समितीतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, की मुलगी बरी आहे, पण लवकर घाबरते. ते तिच्या कानावर पडलं आणि काळजात रुतून बसलं. मासेरूत काहीही झालं तरी थोपटायचं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

सकाळी तिने बोत्स्वानाच्या एका डावखुऱ्या मुलीला हरवलं. उपांत्य फेरीत समोर आली मोझांबिकची डेल्फिना. अंगाने बारीक, मनगटं लोखंडासारखी, चेहऱ्यावर झोपेतून उठल्यासारखा कंटाळा. बराच वेळ कुणालाच गुण मिळेना. मग तिसाउकेने फेक टाकली, ती फसली, दोघी खाली कोसळल्या, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिचा उजवा हात डेल्फिनाच्या मांड्यांमध्ये अडकला. कोपर सरळ ताणलं जाऊ लागलं.

बाहेरून चिसांगा ओरडत होती, थोपट, थोपट. तिसाउकेने डावी मूठ घट्ट आवळली आणि दातावर दात रोवले. पंच उभे होते त्या बाजूने कोपर दिसत नव्हतं. आतून काहीतरी ताणत ताणत शेवटाला आलं आहे, हे तिला कळत होतं. तिच्या तोंडून अगदी श्वासाएवढ्या आवाजात निघालं, "माये गं..." घरी, न्यांजा भाषेत, निघतं तसं.

आणि पेच सुटला.

निसटला नाही, सुटला. डेल्फिनाने स्वतःहून मांड्या सैल केल्या, हात सोडला आणि ती उठून उभी राहिली. पंचांनी दोघींना पुन्हा समोरासमोर आणलं. डेल्फिना चवताळून चालून आली, तिने काही दयामाया दाखवली नाही. पण घाईत तिचा पुढचा पाय हलका पडला, आणि तिसाउकेने तेवढ्यात तळपायाने तो झाडला. डेल्फिना पाठीवर आपटली. लढत संपली. झांबियाची पोरं बाकांवर उभी राहून नाचू लागली. तिसाउके मात्र वाकून नमस्कार करताना समोरच्या मुलीकडे टक लावून बघत होती. डेल्फिनाने वर पाहिलंच नाही.

डॉक्टरांनी कोपर हळूहळू दाबून, वाकवून पाहिलं. शिरा ताणल्या आहेत, तुटलेलं काही नाही, महिन्याभरात हात पूर्ववत होईल, असं ते म्हणाले. आणखी थोडा जोर पडता तर शस्त्रक्रिया करावी लागली असती, आणि त्यानंतर ज्युदोचं काय ते देवालाच ठाऊक. चिसांगाने तिथेच सांगून टाकलं की अंतिम लढत खेळायची नाही, रौप्यपदक मिळेल ते घ्यायचं. तिसाउके हुज्जत घालेल म्हणून तिने कंबर कसली होती, पण तिसाउकेने मान डोलावली. हा हात दुसऱ्या कुणीतरी राखला होता. तो आता आपल्या हट्टापायी मोडायचा, हे तिला पटेना.

हात गळ्यात बांधून ती डेल्फिनाला शोधत निघाली. सराव दालनाच्या मागच्या जिन्यावर डेल्फिना एकटीच बसली होती. तिच्या कोचने तिला सगळ्यांदेखत झाडलं होतं. तिच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं या विचाराने तिसाउके घुटमळली, तोच डेल्फिना स्वच्छ न्यांजात म्हणाली, "काय बघतेस? बस की."

तिसाउके थक्क झाली. "तुला आमची भाषा येते?"

"तुमची कशी? माझ्या आईची आहे. चानिडाच्या सीमानाक्यापलीकडे आमचं गाव."

चानिडा म्हणजे कटेटेहून बस धरली की आलंच. तिथल्या बाजारातून तिसाउकेच्या घरी कित्येकदा साबण आणि मीठ यायचं. दोघी इतक्या जवळच्या, आणि भेटल्या कुठे, तर या थंडगार डोंगरात.

"का सोडलास?" तिसाउकेने विचारलं.

डेल्फिना भडकली. "तू थोपटलं का नाहीस ते आधी सांग. मी काय हात मोडायला आले होते? वाट बघत होते मी तुझी. आता थोपटेल, आता थोपटेल... आणि तू आईला हाका मारतेस. माझी धाकटी बहीण पडली की अगदी तशीच रडते. मग कसा ओढू?"

लुसाकातलं ते वाक्य तिसाउकेने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. डेल्फिनाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, की तो माणूस कधी गादीवर उतरला नसणार. मग दोघी हसल्या. हसता हसता तिसाउकेचे डोळे भरून आले, आणि तिने डाव्या हाताने डेल्फिनाचा हात धरून ठेवला.

डेल्फिनाची कांस्यपदकाची लढत बाकी होती, आणि ती हरलेल्यांच्या फेरीतून वर आलेल्या त्याच बोत्स्वानाच्या डावखुऱ्या मुलीशी. डेल्फिनाला डावखुऱ्यांशी खेळायची सवय नव्हती. तिसाउकेला आणखी काय हवं होतं? ती धावत चिसांगाकडे गेली आणि सगळं सांगितलं, थोपटायचं नाही असं ठरवलं होतं तेसुद्धा. चिसांगाने जॅकेट काढून बाकावर टाकलं. ती स्वतः डावखुरी होती.

"चल," ती म्हणाली. "पोरीचे उपकार नुसते हात जोडून फिटायचे नाहीत."

मोझांबिकचे कोच वयस्क, कडक गृहस्थ. त्यांना पोर्तुगीजखेरीज काही येत नव्हतं. चिसांगाने त्यांचे लांबलचक आभार मानले, तुमच्या मुलीने माझी मुलगी वाचवली, तिला वाढवणाऱ्यांना माझा नमस्कार, वगैरे. तिसाउकेने ते न्यांजात सांगितलं आणि डेल्फिनाने पोर्तुगीजमध्ये एका शब्दात उरकलं. कोचना शंका आली. त्यांनी दरडावून पुन्हा विचारलं, तेव्हा तिला लाजेने लाल होत सगळं सांगावं लागलं. म्हातारबांनी चष्मा पुसला, डेल्फिनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गादीवरची जागा चिसांगाला मोकळी करून दिली.

चिसांगाने डेल्फिनाला डाव्या पकडीने पुन्हा पुन्हा फेकलं, आणि कुठे उभं राहायचं, कोणती बाही आधी धरायची हे दाखवलं. तिसाउके कडेला बसून बोत्स्वानाच्या मुलीच्या खोडी सांगत राहिली. फेकण्याआधी ती नेहमी एक लांब श्वास घेते, त्याच क्षणी आत शीर.

संध्याकाळी डेल्फिना जिंकली. सहज नाही, आधी एक गुण गमावला, मग तो लांब श्वास तिच्या कानावर पडला. झांबियाच्या पोरांनी मोझांबिकसाठी एवढा आरडाओरडा केला, की लोक वळून बघायला लागले. बक्षीस समारंभात तिसाउके हात गळ्यात घेऊन उभी होती, आणि डेल्फिना तिच्या खालच्या पायरीवर.

महिन्याभराने एका बाजाराच्या दिवशी तिसाउके आईला घेऊन चानिडाला गेली. पलीकडून डेल्फिना आईसोबत आली. तिसाउकेची आई रस्त्याकडेच्या धुळीत गुडघे टेकून बसली, आणि मोठ्यांचे आभार मानतात तशा, ओंजळ करून हळू आवाजाच्या टाळ्या तिने वाजवल्या. डेल्फिना कावरीबावरी झाली. आपल्यापेक्षा मोठ्या बाईने आपल्यासमोर असं बसावं, हे तिला सोसेना. तीही पटकन खाली बसली.

"उठा ना आई," ती म्हणाली. "मला लाजवता."

"बस गप," तिसाउकेची आई म्हणाली. "माझं झालं नाही अजून."