अठ्ठ्याहत्तर वर्षांचं हाड

मी एक्स-रे बोलतोय. मालनबाईंच्या उजव्या खुब्याचा. गेल्या सप्टेंबरात रत्नागिरीतल्या एका खाजगी इस्पितळात, काळोख्या खोलीत माझा जन्म झाला. माझ्यात एक हाड आहे आणि त्या हाडात एक तिरकी चीर. दुसरं काही मला दाखवता येत नाही, पण तेवढं मी अगदी खरं दाखवतो.

मालनबाई भाट्याच्या खाडीपलीकडच्या गावच्या. तीस वर्षं त्यांनी काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. बोटांवरचे चिकाचे काळे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. पडल्या त्या सकाळीही त्या घरामागच्या परड्यात पडवळाच्या मांडवाला दोरी बांधत होत्या. शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला.

डॉक्टरांनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं. "रॉड टाकावा लागेल," ते म्हणाले. मग माझ्यावर लिहिलेलं वय त्यांनी वाचलं आणि मला खाली काढलं.

"अठ्ठ्याहत्तर ना? मग राहू दे. या वयात कापाकापी कशाला? पायाला वजन लावू. पडून राहतील."

हे ते मालनबाईंशी बोलत नव्हते. मुंबईहून धावत आलेल्या त्यांच्या मुलाशी, राजेंद्रशी बोलत होते.

"माज्याकडं बघून बोला ना, डाक्टर," मालनबाई खाटेवरून म्हणाल्या. "पाय माजा मोडलाय. आपरेशन करा. मला चालायचं हाय."

डॉक्टर हसले. "आजी, आता चालून कुठं जायचंय?"

ज्ञानेश्वरी नावाच्या नर्सने हळूच विचारलं, "सर, निदान रक्त आणि हृदय तपासून बघू या का? बीपी चांगलंय त्यांचं."

"कशासाठी? दोन वर्षांसाठी?"

मालनबाईंचे कान शाबूत होते. त्यांनी सगळं ऐकलं. तपासणी एकही झाली नाही.

मी तेव्हा राजेंद्रच्या हातात होतो. मला घट्ट धरलेली त्याची बोटं सैल पडली. घाबरलेल्या माणसाचा निर्णय दुसऱ्याने परस्पर घेतला की त्याला बरं वाटतं, हे मी तिथं शिकलो.

त्याच दुपारी मोटारसायकलवरून पडलेला विनीत आला. वय एकतीस. मला परत पेटीवर अडकवलं होतं; त्याचा एक्स-रे माझ्या शेजारी लागला. तीच जागा, तशीच चीर. आम्हा दोघांची नावं झाकली असती, तर कुणाचं हाड कुणाचं हे डॉक्टरांनाही पटकन सांगता आलं नसतं. विनीतचं ऑपरेशन संध्याकाळीच झालं. चौथ्या दिवशी तो वॉकर धरून मालनबाईंच्या खाटेसमोरून गेला. त्या त्याच्या पावलांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मग त्यांना गावच्या घरी आणलं. तिथं सून श्रुती त्यांची कूस बदलायची. पाय जरा हलला की मालनबाई ओरडत. म्हणून श्रुती हळूहळू कमी वेळा कूस बदलू लागली. पाठीला जखमा झाल्या. त्यांचा वास पडवीपर्यंत येई. पडवळं लागली का, हे विचारणंही मालनबाईंनी सोडून दिलं.

फेब्रुवारीत श्रुतीने दुसऱ्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी मला खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिलं.

"हे तर सहज जोडता आलं असतं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसांनाही आम्ही उभं करतो. तेव्हाच का नाही केलं?"

"वय झालंय म्हणाले," श्रुती म्हणाली.

"आता जखमा चिघळल्यात, छाती भरलीय. आता मी हात लावला तर टेबलावरच जातील."

एप्रिलमध्ये मालनबाई गेल्या. दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलं: वार्धक्य. मोडलेल्या हाडाचा उल्लेखही नाही. जलदान विधीला आलेले लोक म्हणाले, "वय झालंच होतं. सुटली बिचारी." ती सुटली नव्हती. तिला सोडलं होतं.

आता मी न्हाणीच्या खिडकीत असतो. तिथली काच फुटली, म्हणून राजेंद्रने मला तिथं ठोकलंय. ऊन आलं की माझ्यातलं हाड उजळतं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला इस्पितळात न्याल, तेव्हा त्याला आधी तपासायला लावा. नाही म्हणायचंच असेल, तर डॉक्टरांना तपासून नाही म्हणू दे. आणि त्याच्या तोंडाकडे बघून म्हणू दे.

परवा शेजारचे आत्मारामकाका आले होते. वय त्र्याहत्तर, गुडघा धरून चालतात. हात धुताना त्यांनी मला पाहिलं. बाहेर येऊन त्यांनी राजेंद्रला विचारलं, "डॉक्टर किती वयापर्यंत उभं करतात रे?"

राजेंद्र म्हणाला, "चहा घ्या, काका."