भिंतीवरची पहिली बायको

“अगं ए मावशी, ते भांडं राहू दे! आज भिंतीवरचा फोटो काढणारेत म्हणे!” खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजी ओरडल्या.

वॉर्डातली मावशी बेडपॅन हातात धरून टीव्हीखाली थांबली. मालिकेतली नायिका नवऱ्याच्या पहिल्या, मेलेल्या बायकोच्या फोटोपुढे ढसाढसा रडत होती. नऊ वर्षं तिचा हाच धंदा. फोटोतली बाई तेवढी गप्प.

तो फोटो मावशीचा होता.

खरं तर नायिका तीच व्हायची होती. निवड झाली, कपड्यांची मापं झाली, फोटो निघाले. तालमीत मालिकेतला नवरा म्हणाला, ‘पहिलीची जागा तुला मिळायची नाही.’ तिनं रडायचं होतं. ती रडली नाही. सरळ खोलीबाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

“बाई, रडल्याशिवाय लोक बघत नाहीत,” डायरेक्टर म्हणाला.

“अशी बाई रडत नसते हो. आता त्याला येऊन दार ठोठावू दे.”

झालं! दुसऱ्या दिवशी डोळ्यांना नळ बसवलेली दुसरी आली. हिचा फोटो मात्र त्या हरामखोरांनी वाया जाऊ दिला नाही. मेलेली बायको फुकटात मिळाली.

मावशी नायिका असती, तर त्या नवऱ्याला बंद दारापुढे ताटकळावं लागलं असतं. घराघरांतल्या नवऱ्यांनी ते जेवता जेवता पाहिलं असतं. एखाद्याचा तरी घास अडकला असता.

“चेहरा तुझ्यासारखाच वाटतो गं,” आजी म्हणाल्या.

“असतात सारखे चेहरे.”

पडद्यावर नायिकेनं फोटो उतरवून ट्रंकेत टाकला. भिंतीवर फिकट चौकोन उरला.

“गेली बिचारी. एकदा तरी बोलायला हवी होती. काय बोलली असती गं?”

“बोलली नसती.”

मावशीनं बेडपॅन खाली ठेवलं. पाठ ताठ केली. खाटांमधून चालत ती बाहेर गेली आणि वॉर्डाचं दार ओढून घेतलं. आपटलं नाही.

आतून आजींचा आवाज आला, “बंद करा गं ती रडूबाई!”

टीव्ही बंद झाला. दाराकडे पाठ करून मावशी उभी राहिली. आता आतून कुणीतरी ठोठावायचं होतं.

कुणी ठोठावलं नाही.

जरा वेळानं तिनंच दार उघडलं. बेडपॅन आत राहिलं होतं.