पाकिटावरचं त्रिपोली

लोकांना सांगितलं तर हसतील, पण माझ्या तोऱ्यापायी बाबांना मुलाचं तोंड बघायला मिळालं नाही.

आम्ही लेबनॉनच्या त्रिपोलीचे, ऐन बंदरातले. समुद्रापार लिबियातही एक त्रिपोली आहे, तेही बंदरच. त्याला सगळे पश्चिमेचं त्रिपोली म्हणतात. आम्हाला नुसतं त्रिपोली पुरतं. शेपूट लावायचं ते त्यांनी! घराघरात हीच मिजास.

धाकटा मुनीफ तिकडच्या गोदीत कामाला निघाला, तेव्हा बाबा कडाडले, "त्रिपोली सोडून त्रिपोलीला? अक्कल गहाण ठेवलीस काय रे? जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस!" तोही त्यांचाच मुलगा. चार वर्षं फिरकला नाही.

मग बाबांनी अंथरूण धरलं. एक दिवस हळूच म्हणाले, "वदाद, लिही त्याला. म्हणावं, राग गेला. ये." मी लगेच लिहिलं. पाकिटावर पत्ता घालताना शेजारची फदवा डोकावली.

"अगं, पश्चिमेचं लिही की. आणि लिबिया?"

"मी का लिहू? नाव आपलं आहे."

"मग पोस्टमनला काय स्वप्न पडणार?"

"तू तुझी मसूर निवड, जा!"

गल्लीचं नाव आणि खाली नुसतं त्रिपोली लिहून मी पत्र पेटीत टाकलं.

बाबांनी अठरा दिवस वाट पाहिली. दाराशी पाऊल वाजलं की मान वळवायचे. "बोटीला उशीर झाला असेल," मी म्हणायचे. शेवटी म्हणाले, "नाही येणार तो. माझ्यावरच गेलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मरणाची तार करताना मात्र मी 'पश्चिमेचं त्रिपोली, लिबिया' सगळं नीट घातलं. दोन दिवसांत पोचली. मेलं माझं शहाणपण!

मुनीफ आठव्या दिवशी आला. तोवर पत्र परत आलं होतं. आमच्याच पोस्टमनने आमच्याच गावात ती गल्ली शोधशोध शोधली होती.

दुखवट्याच्या कडू कॉफीचा पेला तसाच हातात धरून मुनीफने विचारलं, "ताई, बाबांनी एकदा तरी माझं नाव काढलं?"

मी पत्र पुढे केलं. त्याने वाचलं, मग पाकीट उलटून पाहिलं.

"चूक माझी रे. चार शिव्या दे मला."

"शिव्या कसल्या, ताई? पत्ता मीही असाच घातला असता."

एवढं बोलून तो हमसून हमसून रडला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.