दोनशे चौदा नंबरचा नकली बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना... थांबा, इथंच तर घोटाळा आहे! मी जुना नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतल्या एका कोळशाच्या गावचा, नुसता जुना दिसणारा पितळी बिल्ला आहे मी. माझ्यावर २१४ हा आकडा आहे.

खऱ्या बिल्ल्यांचं काम मोठं होतं बरं का. खाणीत उतरताना माणूस एक बिल्ला वरच्या फळ्यावर अडकवायचा आणि त्याच आकड्याचा दुसरा कमरेच्या पट्ट्याला लावून खाली जायचा. वर आला की फळ्यावरचा काढून घ्यायचा. फळ्यावर बिल्ला उरला, की समजायचं माणूस खालीच आहे.

माझा जन्म मात्र कुणाच्या तरी गॅरेजमध्ये झाला. एका खऱ्या बिल्ल्याचा साचा घेतला, त्यात पितळ ओतलं आणि मला कसल्याशा उग्र पाण्यात बुडवून काळं केलं. झालो म्हातारा! जुन्या बाजारात लोक मला हातात घेऊन हळहळायचे आणि मी आपला फुगून बसायचो.

तिथं मला आंद्रेय ह्रिंकोनं पाहिलं आणि घासाघीस न करता विकत घेतलं. २१४ हा त्याच्या वडिलांचा, योझेफचा नंबर. आंद्रेय लहान असताना खाणीच्या एका बोगद्यात स्फोट झाला आणि तो बोगदा कायमचा बंद केला. फळ्यावरचा बिल्ला आईला मिळाला, माणूस काही मिळाला नाही. गावाचं तोंड कोण धरणार? योझेफ मेलाच नाही, धुराच्या गोंधळात बायकोपोरं टाकून पळाला, असं लोक बोलायचे. शाळेत हे ऐकून ऐकून आंद्रेयच्या मनात ते रुतलं होतं. खाणीत मेलेल्यांच्या स्मारकाच्या दगडावर वडिलांचं नाव होतं, पण तो तिकडे कधी फिरकला नाही.

मला घेऊन तो तडक धाकट्या बहिणीच्या, ल्युबाच्या घरी गेला. मला तिच्या पोळपाटावर आपटून म्हणाला, "हा पट्ट्याचा बिल्ला जमिनीखाली असायला हवा ना? मग बाजारात कसा आला? तो वर आला होता, ल्युबा. आपल्या पायांनी चालत आला होता."

ल्युबानं पिठाचे हात धुतले, आईचा बिल्ला कपाटातून काढला आणि भावाला घेऊन विनी प्राइसकडे गेली. विनी म्हणजे बिल्ल्यांची पारख करणारी, जिभेनं तिखट बाई. तिनं मला भिंगाखाली धरलं आणि माझी अब्रूच काढली. कडेवर साच्याची रेघ दिसतेय, आकडे चघळलेल्या गोळीसारखे बोथट आहेत, भोक खिळ्यावर कधी घासलेलंच नाही. मग मला आईच्या बिल्ल्यावर ठेवलं. ओतलेलं पितळ थंड होताना आकसतं, म्हणून मी किंचित लहान भरलो.

आंद्रेय मात्र हटेना. नकली तर नकली, पण साचा पट्ट्याच्या बिल्ल्याचाच असेल, म्हणजे तो वर आलाच, असं त्याचं म्हणणं. विनीनं भिंग बाजूला ठेवलं.

ल्युबा दोन्ही बिल्ल्यांच्या कडांवरून बोट फिरवत होती. ती एकदम थांबली.

"आंद्रेय, इथं बघ. दोन्ही एकाच जागी चेपलेत. नाताळच्या गोड रोलसाठी आईनं अक्रोड फोडायला सांगितले, तेव्हा मी बाबांच्या बिल्ल्यावर अक्रोड ठेवून हातोडी मारली होती. आईनं पळीनं बडवलं होतं मला, आठवतं?"

आंद्रेयला आठवत होतं. बाबा जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, पट्ट्याच्या बिल्ल्याला तो चेप पडणं शक्यच नव्हतं. म्हणजे साचा घरातल्याच बिल्ल्याचा! चर्चच्या प्रदर्शनाला तो दिला होता, तिथंच कुणीतरी कारभार उरकला असणार. आंद्रेयनं आईचा बिल्ला हातात घेतला.

"म्हणजे बाबा खालीच आहेत."

"पहिल्यापासून खालीच होते रे," ल्युबा म्हणाली.

विनीनं ठोकून माझ्या पाठीवर 'नक्कल' असं उमटवलं. दुखलं, पण तिचे उपकार मी विसरणार नाही. आता माझ्यामुळे कुणी फसणार नाही. मित्रांनो, आमच्यासारखे बिल्ले हौसेनं बनवा, भेट द्या, पण पाठीवर खरं काय ते लिहा. न लिहिल्यामुळे मी एका मेलेल्या माणसाला पळपुटा ठरवणार होतो.

रविवारी आंद्रेय मला खिशात घालून स्मारकाकडे गेला. डोक्यावरची टोपी काढली. म्हातारी बोटं दगडावरच्या नावावर टेकवली.

"बाबा," तो म्हणाला, "मी आलोय."